लेखनिक दहावीत, अडचण पहिलीत

गेल्या आठवड्यात एका पालकांचा फोन आला. "गुरुजी, ते एलडीचं सर्टिफिकेट काढायचंय. तुमची कुठं ओळख असेल तर बघा की. पोरगा दहावीत गेलाय. लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात म्हणे." (एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता; लेखनिक म्हणजे परीक्षेत मुलाची उत्तरं लिहून देणारा.) त्यांचा मुलगा माझ्या हाताखालून गेलेला नाही. पण फोन ठेवल्यावर मला दुसराच एक मुलगा आठवत राहिला, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

साल 2005. द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र. हा दुसरीत. घरातली कुठली शेळी कुठल्या महिन्यात विणार ते बोटांवर मोजून सांगायचा. परिपाठात गोष्ट सांगायला उभा राहिला की पोरं हसून लोळायची. आणि पुस्तक हातात दिलं की घामाघूम. 'कविता'चं 'कीवता' वाचायचा, 'पर्वत'चं 'पवरत'.

मी काय केलं? माझ्या गुरुजींनी आम्हाला केलं तेच. दहा वेळा लिहून आण. नाही जमलं, वीस वेळा. वर्गासमोर 'ढ' म्हटलं नाही एवढंच, स्टाफमध्ये म्हटलं. (स्टाफ म्हणजे आम्ही दोघंच.) ढ हे अक्षर जुन्या ब्राह्मी लिपीपासून फारसं बदललं नाही, म्हणून न सुधारणाऱ्या पोराला ढ म्हणतात, असं सांगतात. खरं-खोटं माहीत नाही, पण त्या वर्षी न बदललेला मीच होतो.

तेव्हा तालुक्याहून एक विशेष शिक्षिका महिन्यातून एकदा यायच्या. त्यांनी त्याचं वाचन पंधरा मिनिटं नुसतं ऐकलं. मधे एकदाही टोकलं नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, हा वाट्टेल तसं वाचत नाहीये. हा डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचतोय."

मला कळायला वेळ लागला. 'वि' म्हणताना तोंडातून आधी व् येतो, मग इ. कागदावर मात्र पहिली वेलांटी व च्या आधीच उभी. 'कविता'त ती क आणि व च्या मधोमध येते, पोरानं ती क ला लावली. रफाराचं याच्या उलट. र् चा उच्चार व च्या आधी आणि चिन्ह व च्या डोक्यावर. त्यात र ची सोंगं तरी किती! र्व, क्र, ट्र, ऱ्य. वीस वर्षं मी हे शिकवत होतो आणि यात शिकवण्यासारखं काही आहे हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं. बहुतेक मुलं हे न सांगता उचलतात. काहींना ते फोडून सांगावं लागतं, हळू आणि अनेकदा. ती मुलं आळशी नसतात, त्यांच्या मेंदूला आवाज आणि अक्षर यांची गाठ मारायला जास्त कष्ट पडतात.

बाईंनी ताट मागवलं, त्यात ज्वारी पसरली. बोटानं अक्षर काढायचं आणि काढतानाच त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. हात, कान, डोळे, जीभ एकाच वेळी कामाला. वेलांटीसाठी वेगळी युक्ती: आधी व काढ, तोंडानं 'व्' म्हण, मग मागे येऊन वेलांटी दे आणि 'वि' म्हण. एका आठवड्यात दोनच अक्षरं. मला वाटलं, या चालीनं दिवाळी उजाडेल. दिवाळीच उजाडली, पण तोवर तो 'कविता' वाचत होता. आणि ज्यांना अडचण नव्हती ती पहिलीतली पोरंही ताटासाठी भांडू लागली होती.

या अडचणीवर लोक शंभराहून जास्त वर्षं लिहितायत. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. हुशार, खेळात चपळ, पण वाचता येत नाही. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं की शिकवणं सगळं तोंडी असतं तर हाच शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता. माझा परिपाठातला पोरगा आणि तो, दोघं भाऊ शोभले असते.

आता माझं मत, ज्यावर काही मित्र चिडतील.

आपण मदतीचं नाव 'सवलत' करून टाकलंय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. त्याआधी, 1996 पासूनच, आपल्या राज्यात अशा मुलांना परीक्षेत सवलती आहेत. चांगलं झालं, त्या हव्यातच. पण प्रमाणपत्र आठव्या वर्षाआधी मिळत नाही, आणि अक्षरओळख सहाव्या वर्षी सुरू होते. मधल्या दोन वर्षांत मुलाला काय मिळतं? 'अप्रगत' हा शिक्का. शिवाय लेखनिक उत्तर लिहून देतो, वाचायला शिकवत नाही. ज्वारीच्या ताटाला कुठल्या डॉक्टरची सही लागते?

दुसरं, कुठलं मूल बघून शिकतं आणि कुठलं ऐकून, असं ठरवणाऱ्या 'दृश्य शिकणारा, श्रवण शिकणारा' तक्त्यांचं. एका प्रशिक्षणात आम्हाला प्रत्येक मुलासमोर यातली एक खूण करायला लावली होती. मीही इमानदारीत केली. 2008 मध्ये हॅरोल्ड पाश्लर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी या कल्पनेवरचं सगळं संशोधन तपासलं, तेव्हा मुलांची अशी वाटणी करून शिकवण्याला पुरेसा आधार सापडला नाही. तक्ते मात्र अजून भिंतीवर आहेत. 'हा श्रवणवाला आहे' म्हणून पोराला वाचनातून सोडवणं सोपं पडतं, म्हणूनही असेल.

2019 आठवतं? दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असंही वाचायला दिलं, तेव्हा आपण काय धिंगाणा घातला होता. विनोदांचा पूर आला. दोन विनोद मीही पुढे ढकलले, लाज वाटते आता. सत्तावीस म्हणताना तोंडात सात आधी आणि कागदावर दोन आधी, वर जोडाक्षरांचं ओझं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर हेच शांतपणे समजावत होत्या. माझा तो विद्यार्थी त्रेचाळीस ऐकून 34 लिहायचा. त्याच्यासाठी ते पान सोन्याचं ठरलं असतं. जुने शब्द कोणी काढून घेतलेच नव्हते.

"एका वर्गात तीस पोरं, त्यात ऑनलाइन माहिती, आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं; एकेकाकडे कधी बघायचं?" हा प्रश्न खरा आहे. मीही रोज बघू शकलो नाही, खोटं कशाला सांगू. एक तास इयत्ता विसरून वाचनाच्या पातळीनुसार पोरं बसवली तर थोडं जमतं, एवढा माझा अनुभव. आणि त्या बाईंसारखी माणसं महिन्यातून एकदा नाही, आठवड्यातून एकदा हवीत, तीही कंत्राटावर टांगलेली नकोत.

त्या मुलाला दहावीत लेखनिक मिळाला नाही. वडील म्हणाले, "पोराला येडं ठरवू नका," आणि मीही त्यांना नीट समजावलं नाही. दुसऱ्या झटक्यात पास झाला. आता ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. मला अजून व्हॉइस मेसेजच पाठवतो, टाइप करत नाही.

तर त्या फोनवरच्या पालकांना मी विचारलं, मुलगा वाचताना नेमका कुठं अडखळतो? बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "तसं त्याला मोठ्यानं वाचताना कधी ऐकलंच नाही, गुरुजी."

म्हटलं, सर्टिफिकेटचं सरकारी दवाखान्यात बघू, मी सोबत येतो. पण रविवारी पोराला घरी घेऊन या. पुस्तक त्याचंच आणा, कुठलंही चालेल.