खणातलं पुस्तक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लॉजच्या खोलीतल्या बायबलवर मी लिहिलेल्या लेखाचा तुम्हाला राग आला आणि तो तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलात, हे बरं केलंत. तुमचे आक्षेप दोन. नाथांच्या आणि नामदेवांच्या या मुलखात परधर्माचं पुस्तक खोलीत ठेवणं हा मागच्या दारानं केलेला प्रचार आहे आणि मी त्याची बाजू घेतोय, हा पहिला. 'मग ज्ञानेश्वरी, गुरू ग्रंथ साहिब, सगळंच ठेवा की' या माझ्या वाक्यात तुम्हाला ग्रंथांचा अवमान दिसला, हा दुसरा. पहिला मला पटत नाही. दुसऱ्यानं मात्र दोन दिवस डोकं धरून बसवलं.

लेखात लिहिलं नव्हतं ते आता सांगतो. तेव्हा दादा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात ॲडमिट होते. रात्री थोरला भाऊ वॉर्डात थांबायचा आणि मी बसस्टँडजवळच्या लॉजवर पाठ टेकायला जायचो. दिवसभर रिपोर्ट, मेडिकल, रक्ताची धावपळ. रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. तिसऱ्या रात्री चार्जर शोधताना टेबलाचा खण उघडला तर आत ते छोटं पुस्तक. नवा करार आणि स्तोत्रं, इंग्रजीतून. उघडलं ते मेंढपाळाच्या स्तोत्रावर. देव हाच मेंढपाळ, अंधाऱ्या दरीतून जातानाही तो सोबत आहे, असा त्याचा आशय. आमच्याकडं सुगी झाली की शेतात धनगरांची मेंढरं बसतात. रात्री हातात काठी घेऊन कळपाभोवती फिरणारा माणूस मी लहानपणापासून पाहिलाय. तोच डोळ्यांपुढं आला. पुस्तक मिटलं आणि हरिपाठ म्हणायला लागलो, पाठ होता तेवढा. तो दादांनीच शिकवलेला. सांगा, यात माझं काय गेलं?

ही रीत पाडली ती तुमच्यासारख्याच फिरतीवरच्या माणसांनी. बियाण्याच्या कंपनीसाठी जालन्याहून गावोगाव फिरता असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगतो. 1898 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, बॉस्कोबेल गावच्या हॉटेलात गर्दी होती. म्हणून जॉन निकल्सन आणि सॅम्युअल हिल या दोन अनोळखी विक्रेत्यांना एकाच खोलीत राहावं लागलं. झोपायच्या आधी दोघांनी मिळून प्रार्थना केली. पुढच्या वर्षी विल्यम नाइट्स या तिसऱ्या विक्रेत्याला सोबत घेऊन त्यांनी गिडियन ही संस्था काढली. हॉटेलच्या खोल्यांत बायबल ठेवायला सुरुवात झाली ती 1908 मध्ये, मोंटाना राज्यातल्या सुपीरियर गावी. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचाच होता, आजही आहे, आणि तो ते लपवत नाहीत. पण परगावी रात्री एकट्या पडलेल्या माणसाचं दुःख त्यांना ठाऊक होतं, हेही तितकंच खरं. जपानात हेच काम बुद्धाच्या शिकवणीच्या पुस्तकानं होतं. अनेक हॉटेलांत ते ठेवलेलं असतं. त्यामागची संस्था 1965 मध्ये मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका उद्योजकानं, येहान नुमाता यांनी, सुरू केली. अजिंठा-वेरूळ पाहायला आलेल्या पाहुण्याला इथल्या खोलीत ते पुस्तक मिळालं तर मला आनंदच होईल.

वॉर्डात रुग्णाच्या उशाशी बसून 'आमच्यात या, बरे व्हाल' असं कुणी म्हणालं तर मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. अडल्या माणसाशी केलेला तो सौदा आहे. खणातलं पुस्तक असं काही मागत नाही. नको असेल तर खण लावून टाकता येतो.

आता दुसरा आक्षेप. इथं माझं चुकलं. 'सगळेच ग्रंथ ठेवा' म्हणताना मी सगळ्या ग्रंथांना एकाच मापानं मोजलं. 1708 मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी आपल्यामागं ग्रंथालाच गुरू मानायला सांगितलं, असं शीख परंपरा मानते. म्हणून गुरू ग्रंथ साहिबचा पहाटे प्रकाश होतो, म्हणजे ग्रंथ विधीनं उघडतात, रात्री सुखासन होतं, म्हणजे तो मिटून विसाव्याला ठेवतात, वर रुमाला म्हणजे वस्त्र असतं, चवरी ढाळली जाते. आपल्या हिंगोलीतल्या नरसीच्या नामदेवांची 61 पदं त्यात आहेत. असा ग्रंथ टॉवेल आणि साबणाच्या शेजारी ठेवा, हे मी नांदेडपासून इतक्या जवळ राहून लिहायला नको होतं. आमच्या घरी ज्ञानेश्वरी लाल कापडात बांधलेली असते, आणि हातपाय धुतल्याशिवाय आजी तिला हात लावू देत नसे. लिहिताना मला आजी आठवली नाही, याचं वाईट वाटतं.

तेव्हा ते वाक्य मी लेखातून काढलंय आणि काढल्याची नोंद खाली केलीय. त्याऐवजी माझं म्हणणं एवढंच: लॉजच्या काउंटरमागं चांगल्या कपाटात ज्ञानेश्वरी, गाथा, धम्माचं पुस्तक, कुराणाचा मराठी अनुवाद जपून ठेवावेत, आणि 'वाचायला ग्रंथ हवा असल्यास मागावा' एवढी पाटी लावावी. जो मागेल तो आदरानं नेईल. ज्या ग्रंथाची मर्यादा तिथं सांभाळता येणार नाही, तो ठेवूच नये. आणि खणातलं ते छोटं पुस्तक, ज्यांनी ते खणासाठीच दिलंय, ते तिथंच राहू द्यावं.

दादा आता बरे आहेत. तुमची प्रतिक्रिया त्यांना वाचून दाखवली. आजीच्या पोथीबद्दल ते तुमच्याच बाजूचे निघाले.