खुलासा : खिळा ठोकायला परवानगी लागत नाही

अमेरिकेच्या ‘नॅशनल रजिस्टर’मध्ये, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत, घराची नोंद झाली की मालकाला खिळाही ठोकता येत नाही, असा मेसेज फिरतोय. चूक आहे. 1966च्या कायद्याखालची ही नोंद मुख्यतः मानाची. स्वतःच्या पैशाने मालक घर बदलू शकतो, पाडूही शकतो. केंद्राचा निधी किंवा परवाना गुंतला तरच तपासणी होते. (स्थानिक नियम असले तर ते वेगळे.) आपल्याकडच्या संरक्षित स्मारकांभोवतीच्या 100 मीटर बांधकामबंदीशी गल्लत झाली असावी.

या रजिस्टरमध्ये काय काय असतं, त्यासाठी आयोवा राज्यातली मॅडिसन काउंटी (जिल्ह्यासारखा भाग) बघा, सगळी शेतीवाडी. रजिस्टरच्या तिथल्या यादीत 1883चा रोझमन पूल आहे. लाकडी, वर छप्पर, बाजूंना फळ्या. असे पूल एकेकाळी 19 होते, आता सहा. छप्पर शोभेचं नाही. आतल्या महागड्या तुळया कुजू नयेत म्हणून घातलेलं.