करार संपला म्हणजे ताबा आला का?

नमस्कार. घर रिकामं करून घेण्याच्या दाव्यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'घर माझं, हप्ते मी भरतो, अकरा महिन्यांचा करार संपलाय. तो निघत नाही. कुलूप बदललं तर बिघडलं कुठे? तुमच्यासारख्यांमुळेच भाडेकरू डोक्यावर बसतात.' तुमचा राग समजतो. तरी जरा सविस्तर उत्तर देतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेला बऱ्याच जणांनी लाइक दिलंय आणि त्यातला एखादा उद्या खरंच कुलूपवाल्याला बोलवायचा.

मालकी तुमची, यात वाद नाही. ताबा ही वेगळी गोष्ट आहे. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे, ज्याला संमतीशिवाय आणि कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढलं, तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. तिथे मालक कोण हे बघतच नाहीत. तुम्ही इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळी फाइल घेऊन उभे राहा. प्रश्न एवढाच की परवापर्यंत आत कोण होतं आणि त्याला कसं काढलं. त्या निकालावर अपीलही नाही. लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ नुसती राहायची परवानगी असते तिची, मुदत संपलेल्यालाही जबरदस्तीने काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्णा राम महाले प्रकरणात सांगून ठेवलंय. पाणी-वीज तोडण्याचा विचारही नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २९ ते रोखण्यासाठीच आहे.

तुमचा एक मुद्दा मात्र मान्य. कोर्टात वर्षं जातात, आणि मी लेखात नेहमीच्या दाव्याबद्दलच लिहिलं. त्याच कायद्याचं कलम २४ राहूनच गेलं, ही माझी चूक. लिव्ह अँड लायसन्सवर (अशा परवानगीच्या करारावर) राहायला दिलेलं घर मुदत संपल्यावर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. अडून बसला तितक्या दिवसांची दुप्पट फी नुकसानभरपाई म्हणून मागता येते. लेखी करारात जे लिहिलंय तो तिथे निर्णायक पुरावा धरतात.

आता अडचण बघा. तुम्हीच लिहिलंय, 'स्टॅम्पपेपरवर केलाय, नोंदणी कोण करत बसणार?' कलम ५५ प्रमाणे ती नोंदणी करणं मालकाचं काम आहे. केली नाही तर अटींबाबत समोरचा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कुलूपवाल्याच्या आधी वकील गाठा. आणि तोवर दरमहा 'भाडं' म्हणून पैसे घेत राहू नका, समोरचा 'मी भाडेकरूच आहे' असा त्याचाच मुद्दा करेल.

मीही शहाणा नव्हतो. माझा एक लायसन्सी गेला, किल्ल्या वॉचमनकडे ठेवून. मी खूश. जाऊन बघतो तर आतल्या खोलीला त्याचं स्वतःचं कुलूप, आत कपाट आणि घडीचा पलंग. फोन केला तर म्हणाला, 'डिपॉझिटचा हिशेब झाला की नेतो.' आता ताबा मला मिळाला होता की नाही? दोन महिने घर कुणाला देता आलं नाही. तेव्हापासून शेवटच्या दिवशी दोघंही रिकाम्या घरात उभे राहतो. मीटरचं रीडिंग फोटोत, किल्ल्या मोजून, आणि एका कागदावर: आज रिकामा ताबा दिला-घेतला, सामान शिल्लक नाही. खाली सह्या, तारीख. डिपॉझिटचा चेक त्यानंतर, तिथल्या तिथे.

जाता जाता, तुम्ही 'भाडेकरूसकट स्वस्तात' घेताय त्या दुसऱ्या फ्लॅटबद्दल. खरेदीखतात 'ताबा दिला' असं छापलेलं असतं, पण आत माणूस राहत असतो. विकणाऱ्याच्या जागी तुम्ही उभे राहता, त्याच्या कटकटीसकट. व्यवहाराआधी आतल्या माणसाचा कागद मागा. नोंदवलेलं लायसन्स आहे की जुनी पागडी (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली जागा), एवढं बघितलंत की फ्लॅट स्वस्त का आहे ते कळेल.