ब्रश रोलमध्ये खोबरेल तेल घालू नका

सध्या एक मेसेज फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. त्याचा मजकूर असा: ‘व्हॅक्यूम क्लीनर कचरा ओढत नसेल तर खालचा गोल ब्रश काढून नळाखाली धुवा, अडकलेले केस जोरात ओढून काढा, दोन्ही टोकांच्या बेअरिंगमध्ये खोबरेल तेलाचे चार थेंब सोडा. दर महिन्याला करा. तरी जळका वास आला तर मोटर गेली समजा.’ घरगुती यंत्रं दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे. ब्रश वेळच्या वेळी साफ करा, एवढीच गोष्ट या मेसेजमध्ये बरोबर आहे.

आधी तेलाचं बोलतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. तेल घालायची सवय आपल्याला कुठून लागली ते मला कळतं. मार्च लागला की आपल्याकडे कूलर माळ्यावरून खाली येतो, मोटरच्या बुशला, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या कडीला, दोन थेंब दिले की मोटर हलकी फिरते. शिलाई मशीनचंही तसंच. पण आजच्या बहुतेक ब्रश रोलमध्ये, म्हणजे मेसेजमधल्या त्या गोल ब्रशमध्ये, बंद बेअरिंग असतं. त्याच्या बाजूला पत्र्याची किंवा रबराची झाकणी असते आणि ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं. बेअरिंगवर ‘झेडझेड’ किंवा ‘टूआरएस’ अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसली, तर ते बंद जातीचं समजा. त्याला बाहेरून काही द्यायचं नसतं. वरून सोडलेलं पातळ तेल झाकणीच्या फटीतून आत उतरलं तर तिथलं ग्रीस पातळ करतं, आणि बाहेर राहिलं तर धूळ धरतं.

आणि आपली धूळ साधी नाही. परभणी, जालना, नांदेडकडची काळी माती म्हणजे अतिशय बारीक चिकणमाती. कापूस वेचणीच्या दिवसांत तिच्यात कापसाची तूस मिसळते, तुरीच्या मळणीला भुसा उडतो. हे सगळं तेलात कालवलं की टोकाच्या टोपणात काळा लगदा बसतो आणि तो बेअरिंग खात राहतो. त्यात खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठायला लागतं. परभणीत थंडीत पहाटे पारा १० अंशांच्याही खाली जातो. तेव्हा ते वंगण राहत नाही. शिवाय फिरत्या रोलवरून उडालेलं तेल रोल फिरवणाऱ्या रबरी बेल्टवर पडतं. रबर तेलाने फुगतं, मऊ पडतं, घसरतं.

अपवाद आहे, तोही सांगतो. जुन्या मशीनच्या रोलला पितळी बुश असेल तर साफ केल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चालतो. उघडं बेअरिंग असेल तर जुनं ग्रीस पुसून थोडं लिथियम ग्रीस लावा. बुश आहे की बंद बेअरिंग, हे ओळखता येत नसेल तर काहीच घालू नका.

नळाखाली धुण्याबद्दल. काही कॉर्डलेस आणि रोबो मशीनचे मऊ कापडी रोल धुता येतात, पण माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलं असेल तरच, आणि पूर्ण वाळवून मगच बसवायचे. बेअरिंगवाला केसाळ रोल धुतला की पाणी आत शिरतं, गंज धरतो. आपलं बोअरचं जड पाणी तर वाळल्यावर क्षारही मागे ठेवतं. कोरडा ब्रश आणि ओलसर फडकं पुरे.

केस ओढून काढण्याचा सल्लाही चुकीचा. ओढलं की गुंता आणखी आवळतो, ब्रशचे केस उपटतात. प्लग काढा, बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी वेगळी करा. रोल काढण्याआधी बेल्ट कसा बसलाय त्याचा फोटो घ्या. मग रोलच्या लांबीच्या दिशेने, ब्रशच्या दोन ओळींमधल्या खाचेतून छोटी कात्री चालवा. गुंता आपोआप सुटा होतो. टोकाची टोपणं निघत असतील तर काढा. खरा केसांचा वेढा तिथे, बेअरिंगच्या शेजारी दडलेला असतो, आणि वरून स्वच्छ दिसणारा रोलही त्यामुळेच जड फिरतो. चिमट्याने तो काढा. मग बोटाने रोल फिरवून पाहा. मोकळा, बिनआवाजी फिरला तर काम झालं. खरखर आली तर बेअरिंग बदला, तेलाने ती जाणार नाही.

महिन्याचा हिशोबही सगळ्यांना सारखा लागू नाही. घरात लांब केस आणि कुत्रं-मांजर असेल तर दर आठवड्याला ब्रश बघा. आणि आपल्याकडच्या कितीतरी नळी-पाइपच्या मशीनना फिरता रोलच नसतो, तिथे हा मेसेज मुळातच गैरलागू.

राहिला जळका वास. त्यावरून मोटर गेली असं धरून लोक नवीन मशीन घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. केसांनी रोल जाम झाला की मोटर बेल्ट ओढत राहते, रोल हलत नाही, आणि घासून तापलेल्या रबराचा वास येतो. वास आला की लगेच बंद करा, रोल मोकळा करा, बेल्ट काढून बघा. चकाकी आली असेल, तडे असतील किंवा सैल पडला असेल तर मशीनचा मॉडेल नंबर सांगून त्याच मापाचा नवा घ्या. रोल मोकळा, बेल्ट नवा, आणि तरीही वास येतोय, असं झालं तरच मोटर तपासायला द्या.