‘घरच्या घरी खरं रत्न ओळखा’ मेसेजमधलं काहीही करून बघू नका, प्लीज

तो मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, त्यात असं म्हटलंय की खरा हिरा हातोडीने फुटत नाही, खरं रत्न काचेवर ओरखडा काढतं, आत डाग किंवा रेषा दिसली तर रत्न खोटं, लॅबमध्ये बनवलेलं म्हणजे नुसती काच, ओपल घरात ठेवणं अशुभ, आणि शेवटी सगळी रत्नं रात्रभर कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून दुसऱ्या दिवशी कडक उन्हात ठेवली की ती ‘शुद्ध’ होतात. मला तो तीन जणांनी पाठवला, तिघंही चांगली शिकलेली माणसं. म्हणून लिहायला बसले, कारण या युक्त्यांनी नुकसान होतं ते ज्याच्याकडे खरं रत्न आहे त्याचंच, खोटं बऱ्याचदा आरामात पास होतं.

पहिलं हातोडीचं. ही गोष्ट आजची नाही, पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने लिहून ठेवलंय की हिऱ्यावर घाव घातला तर ऐरणच फुटते आणि हिरा मऊ करायचा तर बोकडाचं ताजं रक्त लागतं. इथे गल्लत अशी होते की कठीण असणं आणि चिवट असणं हे आपण एकच धरतो. कठीण म्हणजे ओरखडा पडत नाही, आणि त्यात हिरा १० पैकी १० आहे, मान्य. पण हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात की त्या दिशेने घाव बसला तर तो सरळ चिरतो, लाकूड रेषेत चिरतं तसा. कलिनन हिरा, १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेला, ३,१०६ कॅरेटचा, तो १९०८ मध्ये ॲमस्टरडॅमला पातं ठेवून त्यावर ठोका मारूनच फोडला होता! याच्या उलट जेड, कठीणपणात जेमतेम ६ ते ७, पण इतका चिवट की माणसाने त्याच्या कुऱ्हाडी बनवल्या. तेव्हा हातोडीखाली फुटला म्हणजे हिरा खोटा होता असं काही सिद्ध होत नाही, फक्त हिरा गेला एवढंच.

काचेवरचा ओरखडा. काच साधारण साडेपाच, साधा क्वार्ट्झ ७, झिरकोनिया आठच्या वर, मॉइसनाइट सव्वानऊ. म्हणजे हिरा म्हणून खपवले जाणारे झिरकोनिया, मॉइसनाइटसारखे कृत्रिम खडे या परीक्षेत आरामात पास. आणि नापास कोण तर मोती, जो अस्सल असूनही फार तर साडेचार असतो. बरं, घासताना पैलूची कड उडाली तर ती परत येत नाही.

आता डाग आणि रेषा. मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य हेच आहे असं मला वाटतं, कारण सत्य जवळजवळ उलटं आहे. जमिनीत तयार झालेल्या बहुतेक रत्नांत काही ना काही अडकलेलं असतं, दुसऱ्या खनिजाचे कण, द्रवाचे थेंब, भरून आलेल्या चिरा. पाचूच्या आतल्या या पसाऱ्याला तर फ्रेंच लोक बाग म्हणतात. नीलम दहापट भिंगाखाली तिरका धरून बघा, काही खड्यांमध्ये रुटाइल नावाच्या खनिजाच्या बारीक सुया एकमेकींना ६० अंशात छेदताना दिसतात, प्रकाश पडला की रेशमासारख्या चमकतात, आणि त्या दाट असल्या की घुमटासारख्या घासलेल्या खड्यावर सहा किरणांचा तारा उमटतो. खूप तापवलं की या सुया विरघळायला लागतात, त्यामुळे त्या अखंड दिसल्या तर खडा तसा तापवलेला नाही याचा तो चांगला पुरावा. उलट पूर्ण स्वच्छ, मोठं, लालभडक माणिक बघितलं की जाणकार आधी सावध होतो, कारण १९०२ मध्ये व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवायची रीत जाहीर केली आणि तेव्हापासून तशी माणकं भरपूर बनतायत. त्यांच्यातही रेषा असतात बरं का, पण ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वाकलेल्या, आणि कधीकधी गोल बुडबुडे. म्हणजे प्रश्न ‘आत काही आहे का’ हा नाहीच, ‘आत काय आहे’ हा आहे.

लॅबचं माणिक काच नसतं. तेच ॲल्युमिनियम ऑक्साइड, तेच रंग देणारं क्रोमियम. लॅबचा हिरासुद्धा कार्बनच, १९५४ पासून बनतोय. नैसर्गिक म्हणून विकला तर ती फसवणूक, यात वादच नाही, पण काच वेगळी आणि हे वेगळं. आणि नुसत्या नजरेचं म्हणाल तर ब्रिटिश राजमुकुटात समोर बसवलेलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ हे माणिक नाहीच, लालडी म्हणजे स्पिनेल नावाचं वेगळंच रत्न आहे, आणि शतकानुशतकं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ते कळतं वक्रीभवनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते मोजून, माणकाचा १.७६ च्या आसपास, लालडीचा १.७२. त्याला उपकरण लागतं, ते येणाऱ्या माणसाकडे जा.

ओपलची बदनामी बरीचशी वॉल्टर स्कॉटच्या १८२९ च्या एका कादंबरीमुळे पसरली, त्यात पवित्र पाणी पडून ओपलचा रंग जातो आणि तो घालणारी बाई मरते. त्याआधी तर प्लिनीने ओपलचं कौतुकच केलंय, सगळ्या रत्नांचे रंग यात एकत्र दिसतात म्हणून.

राहिलं मीठपाणी आणि ऊन. ओपलमध्ये मुळात पाणी असतं, उन्हात तापून ते उडालं की खड्याला बारीक तडे जाऊ शकतात. फिरोजा सच्छिद्र, तो पाणी पितो आणि रंग बिघडतो. मोत्याची माळ भिजली की आतला रेशमी धागा कमजोर होतो. अमेथिस्टचा जांभळा रंग कडक उन्हात हळूहळू फिका पडतो.

आणि पाचू. माझ्या मावशीने हा मेसेज वाचून तिची पाचूची अंगठी कोमट मीठपाण्यात ठेवली, मग दोन दिवस उन्हात, आणि मला फोन केला की अगं खडा खोटा निघाला वाटतं, आत पांढरं दिसतंय. मी भिंगाखाली धरला तर वरपर्यंत आलेल्या चार चिरा पांढऱ्या पडलेल्या. बहुतेक पाचूंच्या चिरांमध्ये तेल भरलेलं असतं, चिरा दिसू नयेत म्हणून, आणि ते तेल गेलं होतं. खडा अस्सल होता. ती मात्र दोन दिवस असं धरून बसली होती की आपल्या आईला कुणीतरी फसवलं. परत तेल भरून आणलाय, चिरा आता शोधाव्या लागतात, आणि मेसेज तिने स्वतःच ग्रुपवरून डिलीट केला.