‘अ‍ॅलन वेक २’ची खरी भीती कागदावर आहे

‘अ‍ॅलन वेक २’ हा व्हिडिओ गेम येऊन बराच काळ लोटला आणि त्यावर पुष्कळ बोलूनही झाले. तरीही आपल्याकडच्या गेमर मंडळींमध्ये त्याच्याविषयी जे दोन आक्षेप सतत ऐकू येतात, ते दोन्ही मला पटत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पहिला आक्षेप असा, की हा गेम नसून लांबवलेली वेब सिरीज आहे. दुसरा असा, की यात मारामारी कमी आणि कागद वाचणे फार. माझ्या मते अलीकडच्या सर्व्हायव्हल हॉरर, म्हणजे तुटपुंज्या साधनांनिशी जीव वाचवायच्या भयकथांच्या, गेममध्ये इतका खोलवर घाबरवणारा दुसरा गेम नाही, आणि ती भीती त्या कागदांतूनच येते. जिथे गेम हे विसरून नुसत्या दचकवण्यावर उतरतो, तिथेच तो कमी पडतो. (पुढे कथानकातले महत्त्वाचे तपशील आले आहेत. ज्यांना गेम कोरा खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबलेले बरे.)

पहिला ‘अ‍ॅलन वेक’ २०१० साली एक्सबॉक्स ३६० वर आला. फिनलंडमधल्या एस्पो शहरातल्या रेमेडी एंटरटेनमेंट या स्टुडिओने तो केला होता. थरारक कादंबऱ्या लिहून गाजलेला, पण आता एक ओळही न सुचणारा लेखक अ‍ॅलन वेक बायकोला घेऊन वॉशिंग्टन राज्यातल्या ब्राइट फॉल्स या लहान गावी येतो, तिथल्या कॉल्ड्रन लेकमध्ये बायको नाहीशी होते, आणि आपण लिहिलेले प्रत्यक्षात उतरत आहे हे हळूहळू त्याच्या ध्यानात येते. तिला सोडवण्यासाठी शेवटी तो स्वतः तळ्याखालच्या अंधाऱ्या जगात अडकून पडतो. कल्पना विलक्षण होती, पण प्रत्यक्ष हातात पडणारा खेळ मुख्यतः अ‍ॅक्शनचा होता. टॉर्चची बॅटरी आपोआप भरायची, गोळ्या मुबलक मिळायच्या आणि शत्रू टोळ्यांनी यायचे, त्यामुळे अर्ध्या वाटेवर भीती ओसरून नुसती सवय उरायची. तेरा वर्षांनी, २७ ऑक्टोबर २०२३ रोजी, सॅम लेक आणि काइल रोली यांच्या दिग्दर्शनाखाली दुसरा भाग आला तेव्हा रेमेडीने हा साचा मोडून पहिल्यांदाच सर्व्हायव्हल हॉररची वाट धरली. माझ्या दृष्टीने त्यांचा हा सर्वांत धाडसाचा निर्णय होता आणि तो पूर्णपणे योग्य ठरला.

नियम वरवर पाहता जुनाच आहे. शत्रूच्या अंगावरचे अंधाराचे कवच आधी टॉर्चच्या झोताने फोडायचे आणि मगच गोळी झाडायची. पण आता झोत एकवटला की बॅटरी खर्ची पडते, गोळ्या मोजक्या असतात आणि सामान ठेवायला ठरावीक चौकोनच मिळतात. या भागात दोन पात्रे खेळायची असतात, अ‍ॅलन आणि सागा अँडरसन. अ‍ॅलनच्या भागात याचा परिणाम किती दूरवर जातो ते पाहण्यासारखे आहे. तो जिथे अडकला आहे त्या डार्क प्लेस नावाच्या दुःस्वप्नातल्या न्यूयॉर्कमध्ये रस्त्यारस्त्यावर माणसांच्या आकाराच्या सावल्या उभ्या असतात आणि त्या त्याचे नाव पुटपुटत असतात. बहुतेक सावल्या प्रकाश पडताच विरून जातात. मात्र त्यांच्यातलीच एखादी विरत नाही, ती अंगावर येते. कोणती विरेल आणि कोणती उलटेल हे आधी कळायला मार्ग नसतो. प्रत्येकीवर झोत टाकावा तर बॅटरी संपते, आणि न टाकावा तर पाठीमागून कुजबूज ऐकत, जीव मुठीत धरून चालावे लागते. मुंबईतल्या आपल्या घरांत बाकीची माणसे त्याच खोलीत झोपलेली असतात, म्हणून बहुतेकांना हेडफोन लावूनच खेळावे लागते, आणि या गेमच्या बाबतीत ते पथ्यावरच पडते, कारण कुजबूज डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे सरकते तेव्हा स्क्रीनवर काही घडायच्या आतच बोट ट्रिगरवर आवळले जाते.

तरीही मी ज्या भीतीबद्दल बोलतो आहे ती सागा अँडरसनच्या भागात आहे. सागा ही एफबीआयची अधिकारी, ब्राइट फॉल्सजवळ एकामागून एक होणाऱ्या विधीवजा खुनांच्या तपासासाठी सहकारी अ‍ॅलेक्स केसीबरोबर तिथे आलेली. तपासात तिला एका हस्तलिखिताची सुटी पाने सापडत जातात आणि त्यांत तिच्याबद्दल लिहिलेले असते. इथवर पहिल्या भागाची युक्ती ओळखीची वाटते. पण सागा शेजारच्या वॉटरी गावात पोहोचते तेव्हा तिथले लोक तिला नावानिशी ओळखतात. ती इथेच ट्रेलरमध्ये राहत होती आणि तिची मुलगी लोगन बुडून मेली, असे ते तिला कळवळ्याने सांगतात. सागाच्या आणि आपल्या माहितीप्रमाणे लोगन घरी सुखरूप आहे. गणपतीला गावी गेलेल्या चाकरमान्याला वाडीतली चार माणसे त्याच्याच घरची कधीही न घडलेली गोष्ट छातीठोकपणे सांगू लागली, आणि त्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर खोटेपणा दिसला नाही, तर त्याच्या पोटात जसा गोळा येईल तसे इथे होते. या लोकांवर टॉर्च मारता येत नाही. ते शत्रू नाहीत, ते सांत्वन करत आहेत. दूर कुठेतरी बसलेला एक लेखक आपली भयकथा पुरी करण्यासाठी एका अनोळखी बाईचे मूल मारतो आहे, कारण भयकथेला बळी लागतो, आणि तो लेखक म्हणजे ज्याची सुटका व्हावी म्हणून आपण तेरा वर्षे वाट पाहिली तोच अ‍ॅलन आहे. नायकाकडे असे संशयाने पाहायला लावणारा एखाद्या गेमचा पुढचा भाग मी क्वचितच पाहिला आहे. अगदी शेवटी सागा लोगनला फोन लावते आणि मूळ शेवटात पलीकडचे उत्तर ऐकू येण्याआधीच गेम संपतो. अनेकांना हा शेवट अर्धवट वाटला. मला तो सबंध कथेशी प्रामाणिक वाटतो.

सागाच्या तपासाची सगळी मांडणी माइंड प्लेस नावाच्या तिच्या मनातल्या एका खोलीत होते. भिंतीवर केस बोर्ड आहे, त्यावर फोटो आणि चिठ्ठ्या टाचायच्या आणि लाल दोऱ्यांनी जोडायच्या. आपण या खोलीत असताना बाहेरचा वेळ थांबत नाही, ही कल्पना उत्तम आहे. पण इथे माझी गंभीर तक्रारही आहे. या बोर्डावर चूक करताच येत नाही. चिठ्ठी भलत्या जागी लावली तर ती तिथे बसत नाही, एवढेच, आणि मग योग्य जागा सापडेपर्यंत एकेक प्रश्न चाचपून पाहायचा. कित्येकदा तर जे आपल्याला अर्ध्या तासापूर्वी उमगलेले असते ते बोर्डावर टाचल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. तपास आपण करत नाही, झालेल्या तपासाची नोंद करतो. सत्य कुणीतरी बदलून लिहीत आहे असे सांगणाऱ्या गेममध्ये खेळाडूला चुकीच्या निष्कर्षावर पोहोचण्याची मुभाच नसावी, ही मला त्याची सर्वांत मोठी उणीव वाटते.

मात्र याच बोर्डाचा शेवटाकडे जो उपयोग केला आहे, त्याने ही उणीव बरीचशी भरून निघते. सागा स्वतः डार्क प्लेसमध्ये अडकते तेव्हा बोर्डावरच्या चिठ्ठ्या तिच्याच विरुद्ध बोलू लागतात: ती वाईट आई आहे, मुलीच्या मरणाला तीच जबाबदार आहे, तिच्या हातून काही धड होत नाही. मांडणी तीच, दोरे तेच, हस्ताक्षर तेच. गेमभर ज्या बोर्डाने एकदाही चुकू दिले नाही, म्हणून ज्यावर आपण डोळे झाकून विसंबलो, तोच आता खोटे सांगतो आहे, आणि तिला एकेक आरोप पुराव्यानिशी खोडून काढावा लागतो. या प्रसंगात एकही राक्षस नाही, एकही गोळी सुटत नाही, आणि तरीही माझ्या मते सबंध गेमची उंची इथे आहे.

म्हणूनच मध्येच अख्ख्या स्क्रीनवर किंचाळणारा चेहरा चमकवण्याची निर्मात्यांची सवय मला सहन होत नाही. एकदा झाले तर समजू शकतो. इथे ते इतक्यांदा होते, की शांत, अस्वस्थ करणाऱ्या जागीही खेळाडू आता चेहरा येणार म्हणून आवाज कमी करून बसतो, आणि ज्या कुजबुजीवर निर्मात्यांनी एवढी मेहनत घेतली ती ऐकूच येत नाही. दचकणे क्षणभराचे असते, आणि इतक्या सावकाश विणलेल्या संशयापुढे ते फार स्वस्त वाटते. पुढच्या एका अपडेटमध्ये या झळकांची तीव्रता कमी करण्याची सोय दिली गेली. ती सुरुवातीपासूनच हवी होती. मोठ्या शत्रूंबरोबरच्या झुंजीही, एखाददुसरी सोडली तर, अरुंद जागेत अडखळत उड्या मारण्यापलीकडे जात नाहीत.

अ‍ॅलनच्या भागाकडे पुन्हा वळतो, कारण लेखनाची कल्पना खेळण्यात उतरवण्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. रायटर्स रूम या अ‍ॅलनच्या लेखनाच्या खोलीतल्या प्लॉट बोर्डवर एखाद्या जागेसाठी वेगळे कथासूत्र निवडले, की डोळ्यांदेखत ती जागा बदलते: आत्ता नुसता बंद पडलेला असणारा भुयारी स्टेशनचा बोगदा पुढच्या क्षणी हत्येची जागा होतो. एका ठिकाणचा प्रकाश दिव्यात उचलून दुसरीकडे सोडला, की भिंतीच्या जागी वाट उघडते. आणि ‘वुई सिंग’ हे प्रकरण! अ‍ॅलनचे आयुष्य रॉक संगीतिकेच्या रूपात त्याच्याभोवती साकारते, प्रत्यक्ष चित्रित केलेले नट भल्यामोठ्या पडद्यांवर गातात, नाचतात, आणि आपण त्याच पडद्यांच्या चक्रव्यूहातून टॉर्च आणि बंदूक घेऊन वाट काढतो. हॉरर गेमच्या मध्यावर असे काही ठेवायला फार मोठा आत्मविश्वास लागतो. वॉटरी गावातली कोस्केला भावांची जाहिरात असो की आह्ती नावाचा सफाई कामगार, रेमेडीने आपला फिनिश स्वभाव अमेरिकी गावात बेधडक पेरला आहे, आणि तो उपरा वाटत नाही.

द गेम अवॉर्ड्सच्या २०२३ च्या सोहळ्यात दिग्दर्शन, कथन आणि कला दिग्दर्शन असे तीन पुरस्कार या गेमला मिळाले, ते योग्यच होते. केसीला आवाज देणारे जेम्स मॅककॅफ्री त्याच डिसेंबरमध्ये गेले. रेमेडीच्याच जुन्या ‘मॅक्स पेन’ या गेमपासून तो आवाज ऐकत आलेल्या आम्हा चाहत्यांना केसीचे संवाद आता वेगळेच ऐकू येतात. एक व्यावहारिक दुःख मात्र सांगितलेच पाहिजे. सुरुवातीला हा गेम फक्त डिजिटल होता, डिस्क ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. एकाने डिस्क घ्यायची आणि ती मित्रांत फिरवायची, हीच जिथे बहुसंख्यांची रीत आहे, त्या मुंबईत यामुळे कितीतरी जण या गेमला मुकले. पीसीवाल्यांना लॅमिंग्टन रोडवर नव्या ग्राफिक्स कार्डांच्या किमती विचारत फिरावे लागले, कारण जुन्या कार्डांवर तो सुरुवातीला नीट चालतच नव्हता.

आता जे नव्याने सुरुवात करणार आहेत त्यांच्यासाठी. पहिला भाग २०२१ च्या रीमास्टर्ड आवृत्तीत जरूर खेळा, निदान त्याची गोष्ट तरी समजून घ्या. सेटिंगमध्ये जाऊन त्या चेहऱ्यांच्या झळका आधी कमी करा. सागा आणि अ‍ॅलन यांच्यात अदलाबदल करण्याची मुभा मिळाली, की एकाचाच भाग सलग संपवू नका, एक प्रकरण हिचे आणि एक त्याचे असे खेळा, कारण अ‍ॅलनने तिकडे काय लिहिले हे ताजे असतानाच त्याचा घाव सागावर कसा बसतो ते कळते. आणि मुख्य कथा संपल्यावर ‘द लेक हाउस’ हा ऑक्टोबर २०२४ चा पुरवणी भाग चुकवू नका. सरकारी प्रयोगशाळेत यंत्रांकरवी कलानिर्मिती करू पाहणाऱ्या संशोधक नवराबायकोची ती गोष्ट आहे, भिंतीवरच्या चित्रांतून आकृती बाहेर येतात, आणि मुख्य गेमपेक्षा तो भाग कितीतरी नेटका आहे.