मसुराच्या गावात उपाशी

आम्ही खेळाच्या बातम्या लिहिणारे चारजण एकत्र बसलो की शेजारच्या टेबलवाल्यांना वाटतं, आता जुन्या मॅचेसचे किस्से निघणार. ते निघत नाहीत. निघतं ते असं : "लॅरमीला तू कुठे झोपलास?" "मोटेलच्या लॉबीत." "सोफा की खुर्ची?" सोफा मिळालेल्या माणसाकडे मग बाकीचे जरा आकसानेच बघतात.

मी सिएटलच्या एका दैनिकासाठी कॉलेज फुटबॉल कव्हर करायचो. हातात चेंडू घेऊन पळतात तो अमेरिकन फुटबॉल. तो कसा खेळतात हे मला कराडच्या नातेवाइकांना अजून समजावता आलेलं नाही, तेव्हा इथेही राहू दे. खरा छळ खेळाचा नाहीच, गावांचा आहे. आणि त्याचं मूळ 1862 सालात आहे. त्या वर्षी मॉरिल कायदा झाला. अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि सांगितलं, या विका आणि आलेल्या पैशांतून शेती अन् यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढा. शेतकी कॉलेज निघणार कुठे, तर शेतात. पुढे त्यांची विद्यापीठं झाली, विद्यापीठांना फुटबॉलचं वेड लागलं, आणि वावरातच स्टेडियमं उभी राहिली. राहुरीच्या कृषी विद्यापीठात एक लाख माणसं बसतील असं स्टेडियम आहे आणि ते दर पंधरा दिवसांनी भरतंय, एवढी कल्पना करा. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावात हे प्रत्यक्षात आहे. गावात माणसं चाळीसेक हजार, स्टेडियमात लाखाच्या वर. हे गाव राज्याच्या बरोब्बर मध्यावर असल्यामुळे कुठूनही निघालं तरी पोहोचणं सारखंच अवघड, असं तिथलीच मंडळी कौतुकाने सांगतात.

पण माझ्या नशिबी आलं ते पुलमन. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, आयडाहोच्या हद्दीला चिकटून. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी तिथे 1890 पासून आहे. सिएटलहून साधारण 460 किलोमीटर. व्हँटेजला कोलंबिया नदी ओलांडली की 26 नंबरचा रस्ता लागतो आणि मग गहू सुरू होतो. तो संपत नाही. वाटेत डस्टी नावाचं एक गाव आहे. इतकं प्रामाणिक नाव मी दुसऱ्या कुठल्या गावाला पाहिलेलं नाही. विमानाने स्पोकॅनला उतरलात तरी पुढे 120 किलोमीटर गाडी आहेच.

या सगळ्या मुलखाला पलूस म्हणतात. आईला फोनवर सांगितलं, "पलूसला आलोय मॅचला," तर ती म्हणाली, "अरे मग घरी का नाही आलास? तिथून तासाभराचा तर रस्ता." मी खुलासा करेपर्यंत तिने वडिलांना दही आणायला पाठवलं होतं.

तर खोली. पुलमनची वस्ती 33 हजारांच्या आसपास आणि स्टेडियमही तेवढ्याच माणसांचं. आठ मैलांवर आयडाहोतलं मॉस्को. मनात येतं, तिथे मिळेल. तिथेही विद्यापीठ, तिथेही शनिवारी मॅच. त्यातून तो वडिलांचा वीकेंड निघाला तर विचारूच नका. सगळ्या पोरापोरींचे बाप त्या शनिवारी एकदम गावात येतात आणि त्यांनी खोल्या वर्षभर आधी घेऊन ठेवलेल्या असतात. एरवी मुलाची परीक्षा कधी आहे हे ज्याला ठाऊक नसतं, तो बाप या बाबतीत फार दक्ष असतो. उरलेल्या खोल्या दोन रात्रींशिवाय देत नाहीत. आमचा हिशेब विभाग एका रात्रीच्या वर मंजूर करत नाही.

शिवाय मॅच किती वाजता, हे आधी कळत नाही. वेळ ठरवणार टीव्हीवाले, आणि सांगणार बारा दिवस आधी, कधी सहाच दिवस आधी. बहुतेक वेळा ठरायची ती संध्याकाळी साडेसातची, कारण पूर्वेकडची माणसं जेवून अंथरुणात पडल्यावर त्यांना बघायला काहीतरी हवं. मॅच अकराच्या सुमाराला संपते. पेपरची पानं त्याच्या आधीच सुटायची असतात. म्हणून चौथ्या क्वार्टरमध्ये दोन बातम्या शेजारीशेजारी लिहायच्या, एक जिंकल्याची, एक हरल्याची. दोन्हींत तीच नावं, तेच आकडे, फक्त 'जिद्द' आणि 'निराशा' हे शब्द बदललेले. सिएटल आणि पुलमनचे संघ ज्या लीगमध्ये खेळायचे, ती बारा विद्यापीठांची जुनी लीग याच टीव्हीच्या पैशापायी 2024 मध्ये मोडली. दहा जणं निघून गेली, पुलमनवाले आणि ओरेगन स्टेट मागे राहिले. सिएटलचा संघ आता लीगच्या मॅचला थेट न्यू जर्सीला जातो. तिकडे हॉटेलं मुबलक आहेत, असं आमच्यानंतरची पोरं सांगतात. सांगोत.

आता खाण्याचं. कॉलेज फुटबॉल शनिवारी असतो आणि आमच्या घरी शनिवार मारुतीचा. वर्षानुवर्षं पाळलेला वार, तो फुटबॉलसाठी कोण मोडणार? प्रेस बॉक्समध्ये फुकट जेवण असतं, म्हणजे हॉट डॉग असतो. कधी डुकराचं मांस तासन्‌तास शिजवून तंतू काढलेलं असतं, त्याचा वास सगळ्या मजल्यावर दरवळतो. मी बटाट्याच्या चिप्स आणि बिस्किटं घेऊन कोपऱ्यात बसायचो. खरी चीड याची की हा पलूसचा मुलूख मसुराचा! अमेरिकेतल्या मसुराचं हे माहेर. चहूकडच्या टेकड्यांवर मसूर, वाटाणा, हरभरा. पुलमनला ऑगस्टमध्ये मसुराची जत्राच भरते, भल्यामोठ्या भांड्यात मसुराची चिली, म्हणजे दाट तिखट रस्सा, शिजवून लोकांना वाढतात. आम्ही पोहोचणार सप्टेंबरात. कराडच्या माणसाने, ज्याचं निम्मं आयुष्य ढाब्यावरच्या अख्ख्या मसुरावर पोसलंय त्याने, मसुराच्या शेतांच्या मधोमध बसून बिस्किटं खायची. एकदा वाढणाऱ्या बाईंना विचारलंसुद्धा. "मसूर? तो आम्ही बाहेरदेशी पाठवतो," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे खातात ना?"

बातमी पाठवून बाहेर पडायला साडेबारा वाजतात आणि झोपायला ल्युइस्टनला जायचं असतं. अंतर पन्नासेक किलोमीटर, पण शेवटी घाट. सपाटीवरून रस्ता एकदम सुटतो आणि सुमारे 2000 फूट खाली उतरतो, तळाशी दोन नद्यांचा संगम आणि गावाचे दिवे. दिवसा फार देखणा आहे म्हणतात. मी तो रात्री एक वाजता, पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून, चिप्सच्या जोरावर उतरलेला आहे. गावात बंदर आहे, पॅसिफिक समुद्रापासून 465 मैल आत! ही माहिती मला मोटेलच्या रिसेप्शनवरच्या माणसाने रात्री दीड वाजता सविस्तर दिली. किल्ली नंतर दिली.

लॅरमीचं इतकं सांगण्यासारखं नाही. वायोमिंगमधलं हे स्टेडियम 7220 फुटांवर आहे आणि पाहुण्यांना आधीच धाप लागावी म्हणून तो आकडा मैदानावर रंगवून ठेवलाय. तिथे 80 नंबरच्या हायवेला चक्क फाटकं बसवली आहेत. बर्फ पडला, वारा सुटला, की बंद. कधी तुमच्या समोरचा रस्ता कोरडा ठणठणीत असतो, तरी फाटक बंद, कारण पुढच्या गावात अडकलेले ट्रक उभे करायला जागा उरलेली नसते. लॉबीतला सोफा त्याच रात्रीचा.

पुलमनहून परतताना मात्र मी न चुकता एक गोष्ट घ्यायचो. तिथल्या विद्यापीठाच्या डेअरीत पत्र्याच्या डब्यात चीज भरून विकतात, कूगर गोल्ड. गोल्डिंग नावाच्या प्राध्यापकांवरून हे नाव पडलं. डबा 30 औंसांचा, चांगला वजनदार. स्पोकॅनच्या विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून तो गोल, भरीव ऐवज गेला की दुसऱ्या कुठल्याही शहरात धावपळ उडाली असती. इथल्या माणसाने डबा बाहेर काढला, लेबल पाहिलं, माझ्या गळ्यातलं प्रेसचं कार्ड पाहिलं. मॅच कशी झाली, असं विचारील म्हणून मी तोंड उघडलंच होतं.

"झोपलात कुठे?" त्याने विचारलं.

"ल्युइस्टन."

"रात्री? घाट उतरून?" त्याने सहकाऱ्याला हाक मारून मला दाखवलं. मग खिशातून पेन काढलं आणि माझ्या बोर्डिंग पासच्या मागे त्याच्या मेव्हण्याचा नंबर लिहून दिला. मेव्हणा पुलमनलाच राहतो. मॅचच्या रात्री वॉशिंग मशीनच्या खोलीत गादी घालून देतो. शंभर डॉलर, नाश्ता वेगळा, आणि वडिलांच्या वीकेंडला दीडशे.